आवाजाची प्रत कुठे मोजायची?

साशंक : तू म्हणतोस की प्लेअर बदलला आणि आवाज खुलला. फाइल तीच, लॅपटॉप तोच, हेडफोनही तेच, फक्त गाणे वाजवणारे सॉफ्टवेअर वेगळे. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगतो. संगणकावरचे गाणे म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाचे असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक १६ बिटांचा, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळे. फ्लॅक फाइल उघडली की हे आकडे जसेच्या तसे परत मिळतात. २००१ मध्ये फ्लॅक आले तेच या हमीवर. प्लेअरने करायचे एवढेच, की ते आकडे त्यांची वीज करणाऱ्या चिपपर्यंत, म्हणजे डॅकपर्यंत, वेळेवर पोचवायचे. दोन प्लेअरांनी तेच आकडे दिले तर कोणी दिले हे डॅकला कळायचे काही कारण नाही. तपासणे अवघड नाही. दोघांचे आउटपुट रेकॉर्ड कर, एकाची लहर उलटी कर आणि दोन्हींची बेरीज घे. बेरीज शून्य आली तर ऐकू येणारा फरक तुझ्या मनातला आहे.

हौशी : शून्य येतच नाही, काका. विंडोजच्या नेहमीच्या मार्गाने गाणे वाजवले तर वाटेत एक मिक्सर लागतो. ब्राउझरचा आवाज, मेलची सूचना, मीटिंगमधले बोलणे आणि तुमचे गाणे तो एकत्र करतो. त्यासाठी सगळ्यांना एका दरावर आणावे लागते. तो दर ४८,००० ठेवलेला असेल तर ४४,१०० च्या गाण्याच्या दर १४७ आकड्यांच्या जागी १६० नवे आकडे मांडावे लागतात. म्हणजे डॅकपर्यंत पोचलेला जवळजवळ प्रत्येक आकडा नव्याने काढलेला असतो. गणित चांगले असेल तर कानाला पत्ता लागत नाही. प्रोसेसरचा वेळ वाचवायला काटछाट केलेले असेल तर वरच्या पट्टीतल्या ध्वनीच्या सावल्या खाली उमटतात, गायकाने न लावलेले स्वर तयार होतात. एक्सपीच्या काळात यावर कितीतरी जणांनी डोके फोडले. व्हिस्टापासून प्लेअरला साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेता येऊ लागले, मधला मिक्सर टाळता आला. अँड्रॉइडचे बरेच फोन तर वर्षानुवर्षे सगळेच ४८,००० ला नेऊन सोडत होते.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पट्टीची. ती खाली ओढली की सॉफ्टवेअर प्रत्येक आकड्याला एकापेक्षा लहान संख्येने गुणते. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. २४ डेसिबल खाली आणले आणि पुढचा मार्ग १६ बिटांचाच असला तर चार बिट गेले. बंदिश संपल्यावर तानपुरा विरत जातो तिथे हे लागते. शेवटची आस खडबडीत होते, पायऱ्या पडल्यासारखी. चांगला प्लेअर गुणाकार जास्त बिटांत करतो, शक्य तर २४ बिटांत पुढे पाठवतो, आणि १६ वर आणावेच लागले तर आधी अगदी बारीक गोंगाट मिसळतो, म्हणजे पायऱ्या मोडतात. त्याला डिदर म्हणतात. गोंगाट मिसळून गाणे स्वच्छ होते हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते, पण त्यामागचे गणित पक्के आहे.

साशंक : मान्य. पण तू सांगितलेस ते सगळे आवाज न बिघडवण्याचे उपाय आहेत. पाइप गळत होता, तो बंद केला. पाणी त्याने गोड झाले नाही. आणि गळती केवढी होती तेही मोज. १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. चिंचवडला हायवेच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये रात्रीसुद्धा खिडकीबाहेर ट्रक असतात, शेजारी पंखा असतो, फ्रिज गुणगुणत असतो. गाण्याचा सगळ्यात मोठा आवाज खोलीत ९० डेसिबल ठेवलास तरी सोळाव्या बिटाची खरखर खोलीच्या गोंगाटाच्या कितीतरी खाली राहते. तुझी विरणारी आस त्या गोंगाटात कधीच बुडालेली असते.

आता माझा खरा आक्षेप. माझा जन्म भोसरीच्या कारखान्यांत क्वालिटीत गेला. आमच्याकडे नवीन गेज आले की त्याच्या मापावर कुणी लगेच विश्वास ठेवत नाही. आधी गेज आर अँड आर. दहा नग, तीन माणसे, प्रत्येकाने तेच नग दोन-तीनदा मोजायचे, आणि कुठला नग हातात आहे हे मोजणाऱ्याला सांगायचे नाही. मापांतला फरक नगांमुळे किती आणि गेज व माणसामुळे किती, हे त्यातून निघते. गेजचा वाटा १० टक्क्यांच्या आत असला तर गेज चालते, ३० च्या वर गेला तर बाजूला ठेवतात. तुझा कानही गेजच आहे, आणि त्याचे आर अँड आर तू कधी केलेले नाहीस. फूबार २००० नावाच्या मोफत प्लेअरला एबीएक्स चाचणी जोडता येते. अ कुठला ते माहीत, ब कुठला ते माहीत, क्ष मात्र लपवलेला. क्ष हा अ की ब, ते सांग. सोळापैकी बारा वेळा बरोबर आलास तर मी मानेन, कारण नुसत्या अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी आहे. त्याआधी दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करून घे. एक डेसिबलने जरी एक बाजू मोठी असली तरी कान तिला मोठी म्हणत नाही, सुस्पष्ट म्हणतो. बहुतेक प्लेअरांची कीर्ती या एका डेसिबलवर उभी आहे असे मला वाटते.

हौशी : चाचणी मी केली आहे, आणि फ्लॅकच्या दोन बिनचूक प्लेअरांत मला काही सांगता आले नाही. हे मी लपवत नाही. पण तुमच्या गेजच्या भाषेतच विचारतो. व्हर्निअरने मायक्रॉन मोजायला दिले आणि तिघांनाही फरक दिसला नाही, तर नग सारखे आहेत असे तुम्ही लिहाल का? आधी गेजचे रिझोल्युशन बघाल. चाचणीत फरक सापडला नाही याचा अर्थ त्या हेडफोनवर, त्या गाण्यावर, त्या माणसाला सापडला नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी बोस्टनमध्ये मोठी चाचणी केली. जास्त दराचे ध्वनिमुद्रण एका बाजूला, तेच सीडीच्या दर्जातून काढलेले दुसऱ्या बाजूला. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे नाणेफेक. वाद मिटला असे लोकांनी म्हटले. मग २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी असे अठरा प्रयोग एकत्र तपासले, साडेबारा हजारांवर प्रयत्न. एकूण बरोबर उत्तरे ५२ टक्क्यांच्या किंचित वर. फरक इवलासा, पण योगायोग म्हणून सोडता येत नाही. आणि ज्यांना आधी भरपूर सराव दिला होता त्यांच्यात तो बराच वाढला.

सराव या शब्दाकडे बघा. तानपुरा जुळवायला शिकणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षी जवारी खुली आहे की बंद ते कळत नाही, पाचव्या वर्षी दाराबाहेरून कळते. तिचा कान आधी खोटा होता आणि मग खरा झाला असे आपण म्हणत नाही. तुमच्या खात्यात तरी नवीन पोराला नगाच्या कडेची बर बोटाने ओळखायला वेळ लागतोच ना?

साशंक : लागतो. पण बर आहे की नाही हे शेवटी मायक्रोस्कोपखाली दाखवता येते. ५२ टक्क्यांसाठी कुणी जास्तीचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. तुला जिथे फरक सांगता आला ते उदाहरण दे.

हौशी : देतो, आणि ते जवळचेच आहे. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते तेव्हाचे भजन. शंभर टाळ आणि पखवाज. हे १२८ किलोबिटांच्या एमपी३ मध्ये घाला. एमपी३ गाण्याचे तुकडे करते, एक तुकडा ११५२ आकड्यांचा, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा. जे कानाला ऐकू येणार नाही असे त्याला वाटते ते टाकते, आणि टाकल्यामुळे झालेली चूक तुकडाभर पसरते. तुकड्याच्या मध्यावर टाळ पडला तर चूक त्याच्या आधीही ऐकू येते. टाळ वाजण्यापूर्वीच एक फिस्कारा. यावर उपाय म्हणून एमपी३ गरज पडेल तिथे छोटे तुकडे करते, पण छोट्या तुकड्यांना बिट जास्त लागतात आणि दिंडीत टाळ थांबतच नाहीत. बिट संपतात. मग सगळे टाळ मिळून पाण्याच्या फवाऱ्यासारखे वाजतात. ही चाचणी मी कुठली फाइल ते लपवून दिली आणि पास झालो, आणि माझ्या आईने तर एकदाच ऐकून सांगितले. एमपी३ घडवताना कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगाचे ‘टॉम्स डायनर’ पुन्हा पुन्हा ऐकून दुरुस्त्या केल्या. ते साथीशिवायचे एकट्या बाईचे गाणे. त्यावर घासून घेतलेल्या पद्धतीने आपली दिंडी कशी वाजते, ही परीक्षा आपणच घ्यायची आहे.

साशंक : हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे! नुकसान फाइल बनवताना झाले. आता जगातला कुठलाही प्लेअर लाव, गेलेला टाळ परत येत नाही. लोकांची शक्ती चुकीच्या टोकाला खर्च होते एवढेच मला म्हणायचे आहे. सॉफ्टवेअरच्या दहा आवृत्त्या घासून बघतात, आणि मुळात वाजवतात काय, तर जुन्या गाण्याची नवी रीमास्टर, जिच्यात सगळे आवाज दाबून एका उंचीला आणलेले. हळू आणि मोठा यांतले अंतरच काढून टाकले. दुसऱ्या बाजूला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकडीची १९२ किलोहर्ट्झची फाइल विकतात. त्या तबकडीत सात-आठ हजार हर्ट्झच्या वर गाणे जवळजवळ नाहीच, आहे ती सुईची खरखर. खरखरीच्या एवढ्या बारीक प्रतीचे पैसे का द्यायचे?

हौशी : रीमास्टरबद्दल भांडण नाही. २००१ पासून रीप्लेगेन आहे. तो प्रत्येक गाण्याचा सरासरी जोर मोजून सगळ्यांना सारख्या पातळीवर वाजवतो, त्यामुळे दाबलेल्या गाण्याचा मोठेपणाचा फायदा निघून जातो आणि त्याचा सपाटपणा उघडा पडतो. प्लेअरमधली मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारी सोय हीच. पण तबकडीबद्दल थांबा. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जुने ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटांत उतरवायचा सल्ला देते, ते नुसते खाँसाहेबांच्या स्वरासाठी नाही, खरखरीसाठीही. तबकडीवरच्या ओरखड्याचा टिक्‌ अतिशय टोकदार असतो, स्वरापेक्षा कितीतरी वरच्या कंपनांत पसरलेला. वरचा भाग शाबूत असेल तर टिक्‌ कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे सॉफ्टवेअरला नेमके सापडते आणि तेवढाच काढता येतो. वरचे आधीच छाटले तर टिक्‌ बोथट होतो, स्वरात मिसळतो, आणि तो काढताना स्वराचा कणही जातो. म्हणजे जे ऐकू येत नाही त्याचा उपयोग, जे ऐकू येते ते वाचवायला. ऐकणाऱ्याला शेवटी सीडीचा दर्जा पुरे, हे मी मान्य करतो.

साशंक : हे मला माहीत नव्हते, आणि हे पटले. म्हणजे जास्तीचे बिट कामगाराला लागतात, गिऱ्हाइकाला नाही. आम्हीही ड्रॉइंगपेक्षा बारीक गेज वापरतो.

हौशी : आता तुमच्या दुसऱ्या वाक्यावर येतो, प्लेअर फक्त बिघडवू शकतो, सुधारू शकत नाही. मी ज्या कामावर आहे ते गाडीतल्या संगणकाचे. २०२१ मध्ये आलेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० चाकणला बनायची. वरच्या श्रेणीत सोनीचे बारा स्पीकर होते. चाकणच्याच बीई ६ मध्ये हर्मन कार्डनचे सोळा. हर्मनचा स्वतःचा कारखानाही चाकणला आहे. गाडी म्हणजे गाणे ऐकायची सगळ्यात वाईट खोली. काचा, प्लॅस्टिक, आणि ताशी ८० ला आत ६५-७० डेसिबलचा गोंगाट. चालक उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याच्यापासून समजा ऐंशी सेंटिमीटरवर, डावा एकशेतीसवर. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. उजवा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचला, तर गाणारी बाई समोर उभी न राहता उजव्या दारात जाऊन बसते. सॉफ्टवेअर उजवा स्पीकर दीड मिलिसेकंद थांबवते, आणि ती बाई समोरच्या काचेच्या मध्यावर येते. तुमच्या एबीएक्समध्ये हा फरक सोळापैकी सोळा वेळा ओळखतील, कान तयार नसलेलेही. स्पीकर तेच, वायर तीच. मग दारात घुमणारा एखादा खर्ज कमी करायचा, गाडीचा वेग वाढेल तसे हळू आवाज थोडे उचलायचे. याला सुधारणा म्हणायचे नाही तर काय?

साशंक : म्हणायचे. पण तू स्वतःचीच बाजू सोडलीस हे तुझ्या लक्षात आले का? तासाभरापूर्वी तुझी तक्रार होती की विंडोजचा मिक्सर आकडे बदलतो. आता तुझा सगळ्यात मोठा पुरावा असा, की सॉफ्टवेअरने जाणूनबुजून प्रत्येक आकडा बदलला. आकडा न बदलणे हा दर्जा, की बदलणे हा?

हौशी : बरोबर पकडलेत. मला वाटते, आकडे शाबूत ठेवणे हे डॅकपर्यंतचे मोजमाप झाले. मला मोजायचे आहे ते कानाशी. खोली आणि स्पीकर जे बिघडवणार आहेत त्याच्या उलटे आधीच करून ठेवले तर कानाशी पोचणारे गाणे स्टुडिओत ऐकलेल्या गाण्याच्या जवळ जाते. न समजता बदलणे वेगळे, मोजून बदलणे वेगळे.

साशंक : कशाच्या जवळ? स्टुडिओत त्या दिवशी कसे वाजले होते याचे ड्रॉइंग तुझ्याकडे नाही. आमच्याकडे नगाबरोबर ड्रॉइंग येते, टॉलरन्ससकट. गाण्याबरोबर येत नाही. मग तुम्ही लोक काय करता, तर माणसांना विचारता. हर्मनचेच घे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये कंपनीतल्याच चाळीस माणसांना स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा उघड. उघड दिसल्यावर गुण बदलले. छोटा, स्वस्त स्पीकर दिसला की त्याचे गुण घसरले. ते संशोधन मला फार मोलाचे वाटते, कारण त्यांनी आपल्याच माणसांचे आर अँड आर केले. पण पुढे हेडफोनसाठी ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी आदर्श वक्र काढला तो माणसांना खर्ज-टीप कमीजास्त करायला देऊन, बहुतेकांना काय आवडते ते पाहून. म्हणजे शेवटी प्रमाण ठरले आवडीवर. त्यात दिंडीतला टाळकरी किती होता? प्रेस शॉपमधला माणूस किती होता?

आणि हा प्रेस शॉपचा प्रश्न मी उगाच काढत नाही. कारखाना नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. प्रेसच्या रांगेत ती कशी पाळली जायची ते मी पाहिले आहे, माझ्या काळात इयरप्लग खिशात असायचे. अशा गोंगाटाने कान जातो तो आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास. माझ्या ऑडिओग्रामवर तिथे खड्डा आहे. माझ्याबरोबरच्या पुष्कळांच्या आहे. निगडी-भोसरीतल्या कितीतरी घरांत संध्याकाळी मोबाइलवर अभंग लावणारा माणूस असा कान घेऊन ऐकतो. शब्दातला ‘स’, टाळाची धार, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार, हे सगळे त्याच्या खड्ड्याच्या आसपास पडते. तुझे १९२ किलोहर्ट्झ त्याला काय देणार?

हौशी : १९२ काही देणार नाही. पण सॉफ्टवेअर देऊ शकते. २०२० पासून आयफोनला ऑडिओग्राम देता येतो आणि तो हेडफोनचा आवाज त्यानुसार जुळवतो. हेच प्रत्येक स्वस्त फोनच्या प्लेअरमध्ये का नको? तुमच्या खड्ड्याएवढे ४,००० च्या आसपास उचलायचे.

साशंक : उचलणे एवढे सोपे नाही. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच मोठा लागतो, कधी बोचतो. सरसकट उचललेस तर हळू ते ऐकू येईल आणि मोठे ते टोचेल. शिवाय उरलेला कानही त्या जोराने जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची जी मर्यादा सांगितली आहे ती आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. कारखान्याने अर्धे खाल्ले, उरलेले तुझा प्लेअर खाईल.

हौशी : म्हणून फक्त हळू भाग उचलायचे, मोठे तसेच ठेवायचे, आणि आठवड्याचा हिशेब प्लेअरनेच ठेवायचा. करता येण्याजोगे आहे. श्रवणयंत्रे हे रोज करतात.

साशंक : पण हळू उचलायचे आणि मोठे तसेच ठेवायचे, म्हणजेच रीमास्टरवाल्यांना आपण दोघांनी ज्यासाठी नावे ठेवली ते.

हौशी : गणित तेच, हो. फरक एवढाच की त्यांनी सगळ्यांच्या फाइलीत कायमचे केले, मी एका माणसाच्या कानासाठी, त्याच्या मापाने, त्याला बंद करता येईल असे करतो. फाइल शाबूत राहते.

साशंक : ते मी मानतो. तरी माझे एक अडते. भीमसेनांची एखादी विलंबित बंदिश मी कान चांगला असताना ऐकली होती. तुझे सॉफ्टवेअर लावून ती ऐकली तर मला टाळूचे, दातांचे बारकावे परत ऐकू येतील कदाचित. पण हळू-मोठ्याचा त्यांनी ठेवलेला तोल बदललेला असेल. मला बरे वाटेल. ते त्यांचे गाणे असेल का?

हौशी : आणि आता, काहीही न बदलता, खड्डा पडलेल्या कानाने तुम्ही ऐकता ते त्यांचे गाणे आहे का?

साशंक : माहीत नाही. मग एक करू. माझ्या ऑडिओग्रामवरून तू तुझे ते जुळवून दे. एक बाजू तशी, दुसरी शाबूत, आवाज मीटरने सारखा. सोळा वेळा. मी ओळखेन यात मला शंका नाही, तेवढा फरक पडेलच.

हौशी : ओळखण्याची चाचणी मग कशाला? दोन्हींतले कुठले जास्त खरे वाटते ते सांगा.

साशंक : तिथेच माझे गेज संपते. फरक आहे की नाही हे मी सोळा वेळांत सिद्ध करून देईन. खरे कुठले, याला नमुना नग लागतो, आणि माझा नमुना माझ्या आठवणीत आहे, तोही वीसेक वर्षांचा. माझ्याबरोबर अजून कान शाबूत असलेली एखादी गाणारी मुलगी बसव, तुझ्या त्या जवारी ओळखणाऱ्या मुलीसारखी. ती शाबूत बाजू निवडेल आणि मी बदललेली निवडली, तर तुझ्या प्लेअरमध्ये कुठली बाजू ‘मूळ’ या बटणाखाली ठेवणार, ते आधी लिहून काढ. निकाल बघून ठरवायचे नाही.